लोखंडी नाही, बिदरी असावं

भाऊ, नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या सामानात मिळालेलं तुमचं काळं, पांढऱ्या वेलबुट्टीचं भांडं इथे बऱ्याच जणांना लोखंडी फुलदाणी वाटतंय. आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर बिदरी, म्हणजे कर्नाटकातल्या बिदरच्या नावाने ओळखलं जाणारं चांदी जडवलेलं धातुकाम, असण्याची शक्यता मोठी. जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, कोरलेल्या नक्षीत चांदी ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर लावतात. अंग काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. किती सुंदर युक्ती आहे! घंटेसारखा आकार, अरुंद गळा म्हणजे बहुधा हुक्क्याचा पाणी भरायचा भाग. पण बिदरी काम हैदराबाद, लखनौ, पूर्णियातही होत असे. गाव इतक्यात ठरवू नका. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाणकारांना विचारा. आणि चिंचेनं अजिबात घासू नका, काळा थर निघून जाईल.