सी विंगचं मत कोणी दिलं?

(सोसायटी ग्रुप, २० नोव्हेंबर २०२४, विधानसभा मतदानाची दुपार)

मृणाल, सी ६०४: आत्ताच शाळेतून परत आले. पहिल्या टेबलवरच्या मॅडम म्हणतात, तुमचं मतदान झालंय. माझं बोट कोरं आहे! काय करायचं असतं अशा वेळी?

निलेश, ए ५०३: बोगस मतदान!!! चॅनलवाल्यांना बोलवा.

सेक्रेटरी: निलेश, दम धर जरा. सकाळपासून तुझे फॉरवर्ड चालूच आहेत.

निलेश, ए ५०३: हा फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलंय.

शिंदे काकू, बी ३०१: अगं, पण तू परत कशाला आलीस? आमच्या ह्यांना तर स्लिप असून आधार आणायला घरी पिटाळलं.

सर, बी १०२: काकू, स्लिप नुसती नाव सापडायला. २०१९ पासून ती ओळख म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट असलं काहीतरी लागतंच.
मृणाल, घाबरू नकोस. नोकरीत असताना त्या टेबलवर मीही बसलोय. मला एक सांग, यादीत तुझ्या चौकटीत काय होतं?

मृणाल, सी ६०४: लाल पेनाची तिरकी रेघ.

सर, बी १०२: आणि अनुक्रमांकाला गोल?

मृणाल, सी ६०४: गोल नव्हता. नुसती रेघ.

सर, बी १०२: मग बोगस वगैरे नसावं. पुरुषाला नुसती रेघ मारतात. बाई असेल तर रेघ आणि वर नंबरला गोल. तुझ्या चौकटीत कुणा पुरुषाची रेघ गेलीय. वरच्या चौकटीत कोण आहे?

मृणाल, सी ६०४: अप्पा! ते सकाळी सातलाच जाऊन आले.

निलेश, ए ५०३: घ्या. चोर घरातच.

सर, बी १०२: परत जा. टेबलवर वाद घालू नकोस, थेट केंद्राध्यक्षांना भेट. आपण सही करतो ते १७-ए रजिस्टर बघायला सांग. अप्पांच्या सहीच्या ओळीत त्यांचाच नंबर असेल, तर चूक फक्त रेघेची.

शिंदे काकू, बी ३०१: आणि तिथेही हिचाच नंबर असला तर?

सर, बी १०२: तर प्रदत्त मत मागायचं. ते मशीनवर नसतं. कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात जाते.

निलेश, ए ५०३: मोजतात का ती?

सर, बी १०२: एरवी नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर तिला किंमत. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्यातून सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

शिंदे काकू, बी ३०१: सर, ते आपलं नाव एवढ्या मोठ्यांदा का ओरडतात हो? मला तर कानकोंडं होतं.

सर, बी १०२: पोलिंग एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या माणसांना, ऐकू जावं म्हणून. त्यांच्याकडेही यादी असते. पण सकाळी सातला त्यांचं निम्मं लक्ष चहाकडे.

सेक्रेटरी: मृणाल, सहाच्या आत रांगेत लाग. सहाला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या देतात, तेही शेपटाकडून. आणि मोबाईल घरी ठेव, उगाच गेटवर अडवतील.

मृणाल, सी ६०४: निघाले.

(संध्याकाळी पाच चाळीस)

मृणाल, सी ६०४: दिलं! मशीनवरच. रजिस्टरात अप्पांचाच नंबर निघाला. केंद्राध्यक्षांनी माझं कार्ड पाहिलं, एजंटांना बोलावून दोन्ही चौकटी दाखवल्या आणि यादी नीट केली. सर, तुम्ही गोल विचारला नसता तर मी अजून रडत बसले असते.

अप्पा, सी ६०४: म्हणजे दिवसभर माझं मत झालंच नव्हतं की काय?

सर, बी १०२: झालं होतं अप्पा. मत मशीनमध्ये, रेघ सुनेकडे.

निलेश, ए ५०३: अप्पा, यादी दुरुस्त व्हायच्या आधी अजून एक मारून यायचं होतंत!

अप्पा, सी ६०४: आणि बोट कुठे लपवू? म्हैसूरची शाई आहे ती, लिंबू लावूनही हलत नाही.

मृणाल, सी ६०४: अप्पा, लिंबू कशाला लावलंत???

सेक्रेटरी: बी विंगमधले काही जण अजून बाकी आहेत. वीस मिनिटं उरलीत, चपला घाला.