मदत हवी आहे: मामांच्या सिगारपेटीचं काय करू?

नमस्कार मंडळी. आमचे मामा जहाजावर नोकरीला होते. गेल्या वर्षी ते गेले. परळच्या खोलीतलं कपाट आवरताना आर्तुरो फुएन्ते कंपनीची न फोडलेली सिगारपेटी सापडली. मर्यादित संख्येत काढलेली. तिच्या विक्रीचा पैसा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. फुएन्ते आणि न्यूमन या सिगारवाल्या घराण्यांनी २००१ मध्ये त्यासाठी संस्था काढली आहे. मामांनी आयुष्यात विडीलाही हात लावला नाही, म्हणजे घेतली ती मुलांसाठीच.

पावसाळा तोंडावर आलाय. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, मुंबईत जुलैत ती ८०च्या वर जाते. बुरशीची भीती आहेच, त्यात उकाड्याने तंबाखूतले किडे अंड्यांतून बाहेर पडतात. हवाबंद डबा आणि आर्द्रता राखणाऱ्या पुड्या पुरतील का? किडे मरावेत म्हणून पेटी आधी फ्रीजरमध्ये ठेवावी का? इथे कुणी करून पाहिलंय?

पेटी विकून पैसे त्याच कामाला पाठवावेत, असं मामी म्हणते. पण पेटीवर आपल्याकडचा सचित्र इशारा नाही, आणि २००३च्या तंबाखू कायद्याने त्याशिवाय विक्री करता येत नाही. मग सरळ मार्ग कोणता? जाणकारांनी कृपया सांगा.