आईला बोटीने न्यायचंय, तुमचे क्रूझचे अनुभव सांगा

माझगावकरीण
३१ डिसेंबरला रात्री बाराला बंदरातली सगळी जहाजं भोंगे वाजवतात, आमच्या इकडे राहणाऱ्यांना हे नवीन नाही. या वर्षी आई माझ्याकडे होती. झोपली होती, भोंगे सुरू झाले तशी उठून खिडकीशी आली आणि म्हणाली, "बोट सुटली वाटतं." एवढं बोलून परत झोपली. मला मात्र नंतर झोप नाही.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. मी लहान असताना मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचो, मुसाकाजीला उतरायचं. बोट किनाऱ्याला लागायची नाही, समुद्रातच उभी राहायची आणि पडाव यायचे उतारू न्यायला. पडाव लाटेबरोबर वर यायचा, परत खाली जायचा. खलाशी मला बगलेत धरून थांबायचा आणि पडाव वर आला की खालच्याच्या हातात द्यायचा. आई पदर खोचून, चपला पिशवीत टाकून उभी. ती खाली पाण्याकडे बघायचीच नाही, खलाशाच्या तोंडाकडे बघायची, तो "आता" म्हणाला की पाय टाकायची. एका वर्षी तो पाय चुकला, नडगी फुटली, त्याची खूण अजून आहे.

आता ती ७८ ची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बोलत नाही पण तिला परत एकदा बोटीत बसायचंय हे मला त्या रात्री कळलं. मला यातलं काही माहीत नाही. समुद्र, नदी, कुठलीही बोट, जे जे अनुभव असतील ते लिहा, वाईट पण लिहा.

हर्णैकर
मुसाकाजी!! किती वर्षांनी नाव ऐकलं. आमच्या हर्णैला पण पडावच. माझे आजोबा बोट दिसली की टॉवेल हलवत उभे राहायचे पुळणीवर. जैतापूरला कोणाकोणाला उतरलेलं आठवतंय इथे?

पार्ल्याची_काकू
ताई आधी हे बघा की क्रूझच्या यादीत टेंडर बंदर आहे का. काही ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, नांगर टाकून लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. म्हणजे तुमचा पडावच, फक्त छप्पर असलेला. ग्रीसमध्ये सँटोरिनीला असंच आहे. लाट असेल तर पायरी आणि टेंडरमध्ये चांगलं अंतर हलतं, दोन माणसं हात देतात पण गुडघेवाल्यांना त्रास होतो. माझ्या सासूबाई तिथे उतरल्याच नाहीत, जहाजावर चहा घेत बसल्या आणि खूश होत्या. बुकिंगच्या आधीच विचारून घ्या कुठल्या बंदरात टेंडर आहे, मागाहून कळलं तर चुटपुट लागते.

निळू_ठाणे
आम्ही सिंगापूरहून केली होती ४ रात्रींची, आईबाबा पण होते. पटापट लिहितो, ट्रेनमध्ये आहे.
बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि केबिनमध्ये दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतात, त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोडी कपडे सगळं हातातल्या पिशवीत. बाबांची शुगरची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि आम्ही चार तास नुसते जिन्यांवरून फिरतोय.
व्हिसा बघा नीट, जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच देशात येतं म्हणजे तुम्ही तिथे दुसऱ्यांदा शिरताय, एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर अडकायला होतं. युरोपात पण तेच, इटलीहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत इटलीत आलात तर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा मल्टिपल एन्ट्री हवा, म्हणजे एकाहून जास्त वेळा शिरता येणारा. पासपोर्ट सहा महिने पुढे चालू असलेला.
फोन समुद्रात एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल बघून चक्कर येईल, नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुतेक चालत नाही. दादर आलं, बाकी नंतर.

रिटायर्ड_सिस्टर
मी ३४ वर्षं वॉर्डात काढली म्हणून काळजीने लिहिते. बोट लागते का आईंना? लहानपणी लागत नव्हती म्हणजे आता लागणार नाही असं नाही. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधली घ्या, झुल्यासारखं आहे ते, टोकाला जास्त हलतं, मध्ये कमी. वर बाल्कनी, पुढे टोकाला असली केबिन दिसायला छान पण मळमळणाऱ्यांसाठी नाही. अॅव्होमिन सगळ्यांना माहीत आहे पण ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, आणि तिने झोप येते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो, रात्री बाथरूमला उठताना पडतात. त्यामुळे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, बीपीच्या गोळ्यांबरोबर चालते का ते पण. आलेपाक जवळ ठेवा. उलटी होतेय म्हणून उपाशी राहू नये, कोरडं थोडं थोडं खावं, आणि केबिनमध्ये पडून न राहता डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघावं.
दुसरं, हात साबणाने धुवायचे. दाराशी सॅनिटायझर असतो पण जहाजावर जुलाब-उलट्यांची जी साथ येते त्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. बुफेच्या आधी तर हमखास.
आणि विमा. जहाजावर दवाखाना असतो पण बिल डॉलरमध्ये. विम्यात आधीचे आजार धरलेत का वाचून घ्या, गुडघ्याचं ऑपरेशन लपवू नका.

माझगावकरीण
सिस्टर, खूप आभार, बीपीची गोळी आहेच तिला. खालची आणि मधली केबिन, लिहून ठेवलं.

कांदिवलीकर
आमचं इजिप्तमधल्या नाइल नदीचं. लक्झरहून अस्वानला चार रात्री, २०१९. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते त्यामुळे अस्वानला जाताना प्रवाहाच्या उलट जातो आपण, ते आमच्या मुलीला नकाशा उलटा धरून समजावलं. नदीची बोट हलत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा, बायकोला एसटीत बसलं तरी उलटी होते पण तिथे काही नाही. पण ताई, एक सांगतो, धक्क्यावर जागा कमी म्हणून बोटी एकीला एक लावून उभ्या करतात. आपली चौथी असेल तर तीन बोटींच्या लॉबीतून चालत जायचं, प्रत्येक ठिकाणी उंबरठा आणि फळी. आणि खिडकीतून दिसते शेजारच्या बोटीची खिडकी, म्हणून रात्री पडदा लावा.
इस्नाला लॉक आहे, म्हणजे पाण्याची पायरीच, बोट आत घेतात आणि पाणी भरून वर उचलतात. तिथे फेरीवाले छोट्या होड्यांतून येतात आणि खालून टेबलक्लॉथ, झब्बे पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात! पसंत पडला तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर कपडा परत. तीन मजले वर, एकाचाही नेम चुकला नाही. माझी आई तिथे पाऊण तास भाव करत उभी होती, देवळांपेक्षा तिला तेच आठवतं. एद्फूला मंदिरापर्यंत घोडागाडी, ती बरीच हादरते, गुडघ्याला टॅक्सी बरी. डिसेंबर-जानेवारीतच जा, उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो.

हर्णैकर
एसटीत उलटी आणि बोटीत नाही, हे आमच्या घरी पण आहे. रस्त्यापेक्षा पाणी बरं म्हणायचं.

शिवाजीपार्क_जुना
माझ्या वडिलांनी एकच शिकवलं होतं, बोटीत चढलं की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या रेवसला जाताना बुडाली, गटारीची अमावास्या होती, सणाला घरी निघालेली माणसं, सहाशेच्या वर गेली. आमच्या चाळीतल्या दोन घरांतली होती. वडील त्या दिवसाविषयी कधी दोन वाक्यांवर बोलले नाहीत.
म्हणून सांगतो, क्रूझवर सुरुवातीला मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब, मग आपल्या ठरलेल्या जागी जायचं. लोक कंटाळा करतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीत जिल्यो बेटाजवळ मोठं क्रूझ जहाज कलंडलं, ३२ माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं. त्यानंतर नियम झाला की जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल व्हायलाच पाहिजे. आईंना घेऊन ती वाट एकदा चालून या, लिफ्ट न वापरता.

पार्ल्याची_काकू
अंगावर काटा आला. माझ्या माहेरी अजून गटारीला कोणी बोटीत बसत नाही, आता कळलं का.

कोथरूडची_पाहुणी
मी मुंबईची नाही पण लिहू का? आम्ही ऑगस्ट २०२२ ला जर्मनीत राइन नदीवर होतो, त्या वर्षी पाणी इतकं उतरलं की काउब गावापाशी बोटी पुढे जाईनात. बोटीच्या सहलीचे दोन दिवस बसमध्ये गेले. कंपनीने पैसे परत दिले नाहीत, करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे, आणि मी ते वाचलं नव्हतं याचं अजून वाईट वाटतं, आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची सहल होती ती. युरोपातल्या नदीवर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी पडतं आणि वसंतात कधी कधी इतकं चढतं की पुलाखालून बोट जात नाही. तो कलम नीट वाचा. बाकी नदीवर उतरलं की गावच समोर, म्हाताऱ्यांना चालायला सोपं.

निळू_ठाणे
हो आणि मोठ्या जहाजांचं उलट. "रोम" लिहिलेलं असतं पण बंदर चिवितावेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. माझा चुलतभाऊ स्वतःच्या स्वतः ट्रेनने गेला, परत येताना ट्रेन लेट, जहाज सुटायला अकरा मिनिटं असताना पोचला. आपण आपले गेलो तर जहाज थांबत नाही, त्यांच्या टूरने गेलो तर थांबतं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोन तिथली वेळ पकडतो आणि दोन्ही एकच असेल असं नाही.

लालबागची_आई
मी प्रवासी नाही, कधी चढले नाही. माझा मुलगा क्रूझवर हाउसकीपिंगला आहे, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं. तुम्ही सगळे छान लिहिताय म्हणून मला पण लिहावंसं वाटलं.
ज्या दिवशी तुमची सहल संपते ना, तो त्यांचा सगळ्यात अवघड दिवस. सकाळी जुने उतरतात आणि दुपारी नवीन चढतात, मधल्या वेळात सगळ्या केबिन धुऊनपुसून तयार. त्या दिवशी त्याचा फोन येत नाही, मी पण करत नाही. बाकी दिवशी जहाज बंदराला लागलं की टर्मिनलच्या बाहेर जिथे फुकट वायफाय मिळतं तिथे भिंतीला टेकून बसतात सगळी पोरं आणि घरी बोलतात. मागे समुद्र दिसतो. दमलोय म्हणत नाही कधी, पण "आई काय केलंस आज जेवायला" हे दोनदा विचारलं की मला कळतं.
तर माझं एवढंच मागणं, त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश असतो, इंडिया दिसलं तर दोन शब्द बोला. रोजची टिप बिलात असते ती काही लोक काउंटरवर जाऊन काढून टाकायला लावतात, तसं करू नका. आणि शेवटी फॉर्म येतो त्यात त्याचं नाव लिहा, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला त्याचा उपयोग होतो.

माझगावकरीण
ताई मी नाव लिहीनच. नक्की.

कांदिवलीकर
लालबागच्या ताई, आमच्या दुसऱ्या सहलीत जेवणाच्या टेबलावर देवगडचा मुलगा होता. माझी आई तीन दिवस नुसता पाव खात होती, त्याने विचारलं आजी काय हवंय, आणि दुसऱ्या रात्री वरण-भात आणला, वर लिंबाची फोड. आईने त्याचा हातच सोडला नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगलाच सांगा आणि तिथे आदल्या रात्री परत सांगा. घरचं शिजवलेलं बहुतेक चढू देत नाहीत, सीलबंद पाकिटातला चिवडा-लाडू चालतो.

गोरेगाव_पूर्व
सगळं वाचलं. ताई, एकदम चार रात्रींचं बुक करण्याआधी आईंना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने नेऊन आणा. तासाभराचा प्रवास आहे, गाडी थेट आत जाते. बोट लागते का, जिना जमतो का, सगळं कळेल. पावसाळ्यात नको, आता जानेवारी छान आहे. येताना अलिबागचे पांढरे कांदे मिळतील तर घ्या, माळ लावून विकतात, पण खरे माळेवाले फेब्रुवारीच्या पुढे.

हर्णैकर
कांद्यांसाठी मी पण येतो.

माझगावकरीण
जाऊन आलो काल! आधी उभं राहून हलणारं सगळं बघून घेतलं तिने. गाडीतूनच आत गेलो, मग कठडा धरून वर. धक्का सुटला आणि भोंगा झाला तशी तिने चपला काढून पिशवीत ठेवल्या. मी म्हटलं आई इथे गरज नाही, तर म्हणाली असू दे. बोट लागली नाही. पूर्ण वेळ रेलिंगजवळच्या बाकावर, शाल डोक्यावरून घेऊन. मांडवा आलं तेव्हा मला विचारते, "पडाव कुठाय?" म्हटलं नाही आता, थेट गाडीतून उतरायचं. थोडा वेळ गप्प बसली आणि मग नडगीवरून हात फिरवला.

मार्चमधली इथूनच सुटणारी तीन रात्रींची बघतेय, टेंडर नसलेली, खालची मधली केबिन, डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतलीय.

रिटायर्ड_सिस्टर
छान केलंत. केबिन लिफ्टच्या जवळची मागा, त्या जहाजांचे बोळ फार लांब असतात. आणि बाथरूमला धरायला दांडी आहे का तेही विचारा.

निळू_ठाणे
शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि सकाळच्या गोळ्या आधी बाजूला काढा.

लालबागची_आई
मार्चमध्ये माझा घरी येतोय. आईंना नमस्कार सांगा.