कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा मोजायला कुठला मीटर घ्यावा? बजेट 40 हजार

कुंडईचा_फिटर: नमस्कार मंडळी. कुंडईत आमचं छोटं पॅकिंग युनिट, 30 एचपी स्क्रू कॉम्प्रेसर, मागे रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा गार करून पाणी काढणारा). पाऊस लागला की मशीनचे हवेवर चालणारे सिलिंडर अडकतात, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) वाटीत रोज सकाळी पाणी. ड्रायर मात्र 3 डिग्री दाखवून हिरवा दिवा लावून बसलेला. खरा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं) बघायला पोर्टेबल मीटर हवाय. 40 हजारांच्या वर साहेब सही करणार नाहीत.

वेर्णेकर: व्हायसाला कंपनीचा घ्या, डोळे झाकून. आमच्या फार्मा कंपनीत सहा वर्षं चाललाय. बजेट वाढवा.

फोंडा_77: मीटर कशाला? डेसिकंट ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) बसवा, वजा 40 मिळतं, विषय संपला. आम्ही बसवला, तेव्हापासून वाटी कोरडी.

वेर्णेकर: संपला कसा? डेसिकंटला तेल लागून तो मेला तर मीटरशिवाय कळणार कसं? आणि हीटलेस (हीटर नसलेला) असेल तर 15 टक्के हवा पर्जमध्येच, म्हणजे ते दाणे सुकवण्यातच जाते, ते बिल कोण भरणार?

फोंडा_77: तुम्ही नाही भरत ना? मग झालं.

म्हापशाचा_बाबू: माझी चूक करू नका. मीटर मागून आणला, घरातलीच निळी पीयू (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकची) ट्यूब पाच मीटर लावली आणि दिवसभर बघत बसलो, रीडिंग खाली येईचना, ड्रायरवाल्याला शिव्या घातल्या त्या वेगळ्या. बाहेरचा ओलावा ट्यूबमधूनच आत शिरतो म्हणे. टेफ्लॉन किंवा स्टील लावा, आखूड, आणि थोडी हवा सतत सोडत ठेवा.

निवृत्त_युटिलिटी: बाबा, ते 3 डिग्री बहुतेक ड्रायरच्या आतल्या गारव्याचं आहे, तुझ्या हवेच्या ड्यू पॉइंटचं नव्हे. पाणी वाटीत येतंय म्हणजे आधी ऑटो ड्रेन (साठलेलं पाणी आपोआप सोडणारा) उघडून बघ, त्याला पैसे लागत नाहीत. आणि मीटर घेताना विचार, दाबाखालचा ड्यू पॉइंट दाखवतो की वातावरणातला. 7 बारला 3 डिग्री असलेली हवा मोकळी सोडून मोजली तर वजा 20 च्याही खाली दिसते. हवा तीच! विकणारे दुसरा आकडा दाखवून खूश करतात.

पावसाळी_बेडूक: व्हायसालाच घ्या.

वेर्णेकर: मी तेच सांगतोय.

कुंडईचा_फिटर: ड्रेन उघडला. जाळीत गंजाचा चिखल, धुतल्यावर अर्धी बादली पाणी आलं. वाटी दोन दिवस कोरडी आहे, आजोबा, थँक्यू. तरी साहेब म्हणतात गणेश चवथीआधी आकडा हवाच, त्यांनी ओळखीतून सेकंडहँड मीटर उचललाय, 18 हजार. उद्या येतोय. टेफ्लॉन ट्यूब फोंड्यात कुठे मिळेल?

निवृत्त_युटिलिटी: कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मीटर बरोबर मोजतो याचा दाखला)?

कुंडईचा_फिटर: आहे ना. 2019 चं.

फोंडा_77: अजून सांगतो, डेसिकंट.