हवानाचं ग्रान तेआत्रो: कोणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी,

मार्च ब्रेकला सासू-सासऱ्यांना घेऊन क्युबात वरादेरोला चाललोय. एक दिवस हवानाला जायचा बेत आहे. तिथल्या ग्रान तेआत्रो या जुन्या नाट्यगृहाबद्दल ऐकलंय. आत जाऊन प्रयोग बघावा, की बाहेरून फोटो काढले तरी भागेल? सासूबाईंना नाचाची फार आवड आहे.

– ब्रॅम्प्टनहून

---

नमस्कार ताई,

फोटोवर भागवू नका, प्रयोग बघाच. आपल्या मंडळातल्या प्रत्येकानं ती वास्तू बघावी असं मला मनापासून वाटतं, कारण ती एका मंडळानंच बांधली आहे.

स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोटापाण्यासाठी क्युबात आलेल्या लोकांनी १८७९ मध्ये हवानात 'सेंत्रो गालेगो' काढलं. सभासदांसाठी शाळा चालवली, दवाखाना उभारला. आणि पुढे १८३८ पासून चालत आलेलं तेआत्रो ताकोन विकत घेऊन त्याच्याभोवती पाउल बेलाऊ या वास्तुविशारदाकडून हा महाल उठवला. १८३८ म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं त्याच्या पाच वर्षं आधी! जुनं नाट्यगृह पाडून टाकलं नाही, पोटात घेतलं. दर्शनी भागावरचे पांढऱ्या संगमरवरातले चार शिल्पसमूह जरा थांबून बघा: दानधर्म, शिक्षण, संगीत आणि नाट्य. मंडळानं काय काय करायचं, ते त्यांनी दारावरच कोरून ठेवलंय. आज गालिसियाचं अधिकृत प्रांतगीत असलेलं गाणं पहिल्यांदा जाहीरपणे वाजलं तेही गालिसियात नव्हे, इथे हवानात, २० डिसेंबर १९०७ ला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

ताकोनच्या काळात आंतोनियो मेउच्ची नावाचा इटालियन इथे रंगमंचाची यंत्रं सांभाळायचा. तारेतून माणसाचा आवाज जातो हे त्याच्या ध्यानात आलं ते हवानातच, १८४९ च्या सुमारास.

आता नाचाचं. २०१५ पासून वास्तूला क्युबाच्या बॅले नर्तिका आलिसिया आलोन्सो यांचं नाव आहे. विशीच्या आसपास त्यांच्या डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने अंथरुणात पडून राहायचं, मान हलवायची नाही. त्या काळात त्यांनी 'जिझेल' हे बॅले नुसत्या बोटांनी पाठ केलं, बोटं म्हणजे पाय. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला मुख्य नर्तिका आजारी पडली आणि तीच भूमिका यांच्याकडे आली. पुढे जवळजवळ दिसत नसताना रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांच्या अंदाजानं त्या अनेक वर्षं नाचल्या. १९४८ मध्ये त्यांनी काढलेली कंपनी आजही क्युबाचं राष्ट्रीय बॅले म्हणून चालू आहे. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, मग बघताना वेगळंच वाटेल.

मी बसले होते तिथे शेजारी एक आजी आणि शाळकरी नात होती. दर गिरकीला आजी नातीला कोपरानं ढोसून काहीतरी सांगायच्या आणि गिरकी संपायच्या आत टाळ्या सुरू करायच्या. सगळं नाट्यगृहच तसं. संगीत नाटकात वन्स मोअर घेणारे आपले जुने रसिक तिथे अगदी रमले असते.

– स्कारबरोहून, मंडळाची जुनी सभासद

---

काकू, किती छान लिहिलंत! तिकीट इथूनच काढता येईल का? आणि संध्याकाळचा प्रयोग बघून त्याच दिवशी परत वरादेरोला येणं जमेल?

– ब्रॅम्प्टनहून

---

अगं, त्याच रात्री परतायची घाई करू नकोस. दोन तासांहून जास्त रस्ता आहे आणि पर्यटकांच्या बसेस प्रयोग सुरू व्हायच्या आत निघून जातात. एक रात्र 'कासा पार्तिकुलार'मध्ये, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरी खोली घेऊन राहा. सासूबाईंना घरचं वातावरण आवडेल.

तिकिटाआधी एक चौकशी कर: वास्तू जुनी, दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तसं असेल तर कंपनीचे प्रयोग क्रांती चौकाजवळच्या तेआत्रो नासिओनालमध्ये लागतात, तेही चालेल. परदेशी पाहुण्यांना तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच महाग पडतं. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथे चालत नाही, म्हणून रोख जवळ ठेव. सासऱ्यांना हाफ पँट आणि चपला घालू देऊ नकोस, दारात अडवतात.

प्रयोगाआधी तासभर हातात ठेव. समोरच्या पार्के सेंत्रालच्या पलीकडे स्पेनच्याच आस्तुरियास प्रांतातून आलेल्या लोकांच्या मंडळानं बांधलेली तशीच भव्य इमारत आहे, आता तिथे कलासंग्रहालय आहे. दोन मंडळांची चुरस होती, इमारती बघूनच कळते. यांनी बांधलं म्हटल्यावर त्यांनीही १९२७ मध्ये बांधून दाखवलं.

– काकू