मदत हवी आहे: आईच्या फुफ्फुसात परत पाणी, नळी की पावडर?

विटेकर८४
आईचं पाणी परत भरलंय. मिरजेत दाखवलं. डॉक्टर म्हणाले नळी ठेवू नाहीतर पावडर टाकू, घरी ठरवून सोमवारी सांगा. आम्हाला काय कळतंय त्यातलं? परत सुईनंच काढलं तर चालत नाही का? कृपया 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका.

कृष्णाकाठ
पाणी कशाचं? टीबी की कॅन्सर? वय? धाग्यात काहीच नाही.

विटेकर८४
कॅन्सरच हो. स्तनाचा, ऑपरेशन झालंय. वय 61. उजवी बाजू.

औदुंबर
पुनर्नवाचा काढा द्या, पाणी कमी प्यायला द्या. आमच्या मामांच्या पायांची सूज त्यानंच उतरली.

निशा_सिस्टर
औदुंबर, पायाची सूज वेगळी. हे पाणी फुफ्फुसाबाहेर, आवरणाच्या दोन पदरांमध्ये साठतं. पिण्याचं पाणी तोडून ते थांबत नाही, पेशंट मात्र सुकतो.
विटेकर, पाणी काढल्यावर दम कमी झाला का? नंतरच्या एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलं का? किती दिवसांत भरलं?

विटेकर८४
दम कमी झाला, जेवलीसुद्धा. आठवड्यात परत भरलं. एक्स-रे बघून सांगतो. सव्वा लिटर काढून थांबले, आत अजून होतं. का थांबले?

निशा_सिस्टर
बरोबर केलं. दीड लिटरच्या पुढे सहसा एकदम काढत नाहीत. दबलेलं फुफ्फुस झटक्यात उघडलं तर त्यालाच सूज येते. आणि आठवड्यात भरत असेल तर सुई किती वेळा टोचणार? दर वेळी प्रथिनंही जातात.

साताऱ्याचा_बंड्या
डोळे झाकून पावडर करा. वडिलांना टाल्क टाकली. दोन दिवस ताप, छातीत सपाटून दुखलं, पण पाणी परत आलं नाही. नळी म्हणजे आंघोळीचीही पंचाईत.

कृष्णाकाठ
डोळे झाकून कसं? पावडरनं आवरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटतात, मग पाणी साठायला जागा उरत नाही. फुफ्फुस उघडतच नसेल तर पदर एकमेकांना टेकणार कसे नि चिकटणार कसे? काकूंचं तेच झालं, खर्च वाया. मग नळीच लावली, वहिनी घरी पाणी काढायच्या.

साताऱ्याचा_बंड्या
आणि इन्फेक्शन झालं की वहिनींच्या नावानं शंख!

निशा_सिस्टर
2012 साली इंग्लंडमध्ये दोन्हींची तुलना झालीय. दम दोन्हींत सारखाच कमी झाला. नळीवाल्यांना दवाखान्यात कमी राहावं लागलं, पण बारीकसारीक त्रास जास्त झाले. पावडरवाल्यांत परत काहीतरी करावं लागलेले जास्त.
नळी कुठली तेही विचारा. साधी पिगटेल बारीक असते, तुंबते. महिनोन्महिने ठेवायची नळी कातडीखालून घेतात, ती महाग.

रेल्वेवेडा
सरळ टाटाला न्या. मिरजेहून महालक्ष्मी आहे. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्या.

विटेकर८४
टाटाचं विचारलंच नव्हतं. मुलीनं एक्स-रेचा रिपोर्ट वाचला, फुफ्फुस पूर्ण उघडलंय. मग पावडर ना? गुरुवारी केमोसुद्धा आहे.

निशा_सिस्टर
केमो चालू आहे हे आत्ता सांगताय? स्तनाच्या कॅन्सरमध्ये औषध लागू पडलं तर पाणी भरणंही कमी होऊ शकतं. शिवाय पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना असलं काही करायचं तर विचार करावा लागतो. सोमवारच्या आधी केमोच्या आणि छातीच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. केमोचा हा कितवा डोस? औषध कुठलं?

विटेकर८४
फाइल भावाकडे तासगावला आहे. मागवतो.

साताऱ्याचा_बंड्या
येताना रेशनकार्डही मागवा. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते काउंटरवर आधी विचारा, बिल झाल्यावर नको.

औदुंबर
काढ्याचं कुणी मनावर घेतलं नाही.