मदत हवी आहे: शाईच्या पेनाने दोन्ही बाजूंनी लिहिता येईल अशी वही (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना, अप्पांना, ज्ञानेश्वरी हाताने लिहून काढायची आहे. ते शिक्षक होते, अक्षर अजून वळणदार आहे आणि आयुष्यभर शाईच्या पेनानेच लिहीत आलेत. बॉलपेन दाबून धरावं लागतं, त्याने आता त्यांचा अंगठा दुखतो. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी चालतं. म्हणून 'पेन बदला' हा सल्ला कृपया देऊ नका. अडलंय ते वहीवर.

आधी हिशोब सांगते, म्हणजे मी कागदाच्या एवढी मागे का लागले आहे ते कळेल. ओव्या नऊ हजारांहून जास्त. एका ओवीला दोन ओळी, एका पानावर बावीस-चोवीस ओळी, शिवाय दर अध्यायाच्या सुरुवातीला मोकळी जागा. म्हणजे आठशे-साडेआठशे पानं झाली. दोन्ही बाजूंनी लिहिता आलं तर दोनशे पानी पाच वह्यांत सगळं बसतं. शाई मागच्या बाजूला उतरली तर एकाच बाजूने लिहायचं, वह्या दुप्पट, आणि वाचताना प्रत्येक लिहिलेल्या पानासमोर डागाळलेलं कोरं पान. अप्पांना हे पुढे नातवंडांनी वाचावं असं वाटतं. त्यामुळे 'चालून जाईल' एवढ्यावर मला थांबायचं नाही.

हरभट रोड, मारुती रोड, विश्रामबाग या भागांतल्या दुकानांतून मिळणाऱ्या नेहमीच्या वह्या बघून झाल्या. पेन आणि शाई बरोबर घेऊनच जाते. बहुतेक दुकानदार शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लिहून बघू देतात, त्यांचे खरंच आभार. बहुतेक वह्यांत तीन गोष्टींपैकी एक तरी होते: शाई फुटते, शाई आरपार जाते, किंवा नुसतं मागून दिसतं. तिसरं मला चालेल. पहिली दोन नकोत.

भिंगाखाली पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती इथे मुद्दाम लिहिते. आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ नंतर ओढतो. 'म', 'प', 'स' यांचा काना वर जिथे रेघेला भेटतो, तिथे ओल्या शाईवरून निब दुसऱ्यांदा जाते. आरपार गेलेले डाग नेमके त्या ठिकाणी पडतात. पान उलटलं की शब्द दिसत नाही, शिरोरेघेच्या जागी ठिपक्यांची ओळ तेवढी दिसते. अनुस्वाराचंही तसंच, निब क्षणभर टेकून राहते आणि तेवढ्यात कागद शाई पिऊन टाकतो. म्हणून रोमन लिपीत लिहून 'कागद उत्तम आहे' असं सांगणारे व्हिडिओ माझ्या फारसे कामाचे नाहीत. तुमच्याकडे एखादी वही असेल तर तिच्यावर 'संस्कृत', 'मंत्र', 'ब्रह्म' असे शब्द शिरोरेघेसकट लिहून मग सांगा.

जीएसएमबद्दल मला जेवढं कळलंय ते असं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, शाई धरून ठेवण्याचा येत नाही. जपानचा टोमोए रिव्हर कागद फक्त ५२ जीएसएमचा असूनही शाईच्या पेनासाठी जगभर नावाजला गेला. फ्रान्सच्या ऱ्होडियाचा नेहमीचा कागद ८० चा आणि क्लेअरफाँतेनचा ९० चा. उलट मी '१०० जीएसएम, फाउंटन पेनसाठी खास' असं छापलेली एक वही ऑनलाइन मागवली, तिच्यात शाई पहिल्याच ओळीला फुटली. सगळा खेळ साइझिंगचा आहे. कागदाचे तंतू मुळात पाणी शोषणारे आणि पेनातली शाई बहुतांशी पाणीच. कागद बनवताना लगद्यात आणि वरून स्टार्चसारखे पदार्थ दिले की हे शोषणं मंदावतं, शाई वर थांबते आणि जागच्या जागी वाळते. हे काम नीट झालं नसेल तर कितीही जाड कागद घेतला तरी तो टिपकागदाचीच तऱ्हा करतो.

परदेशी वही घ्यायला माझी हरकत पैशांपेक्षा रेघांची आहे. ऱ्होडियाच्या आखीव वहीत दोन रेघांमध्ये सात मिलिमीटर अंतर असतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्यात जोडाक्षर आलं की सात मिलिमीटरमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. अप्पांचं अक्षर मोठं आहे, त्यांना साडेआठ-नऊ मिलिमीटर तरी हवेत.

आणखी एक अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर घरातला कागद सादळतो आणि मे महिन्यात व्यवस्थित वाटलेल्या वहीवर शाई किंचित पसरायला लागते. यावर कुणी काही उपाय करतं का?

शाईबद्दलही विचारायचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आमचं खालचं कपाट भिजलं. अप्पांच्या जुन्या टिपणवह्यांतली बॉलपेनची पानं वाळवल्यावर वाचता आली. रॉयल ब्लूने लिहिलेली पानं मात्र फिकट निळी होऊन गेली, काही तर पूर्ण कोरी. त्यांनी तेव्हा कुणाला काही बोलून दाखवलं नाही. आता इतकं मोठं काम हाती घेताना ती शाई वापरू नये असं मला वाटतं. पाण्याने न जाणारी शाई आणि ती पेलणारा कागद, अशी जोडी कुणी वापरत असेल तर सांगा.

थोडक्यात हवं ते: ए-फोर किंवा फुलस्केप आकार, उघडल्यावर सपाट राहणारी बांधणी, दोन्ही बाजूंनी लिहिण्याजोगा कागद, रुंद रेघा, आणि एका वहीला दोनशे रुपयांच्या आसपास खर्च. तयार मिळत नसेल तर बांधून घ्यायचीही तयारी आहे.

प्रतिसाद, साताऱ्याहून

ताई, नमस्कार. अप्पांच्या संकल्पाला मनापासून शुभेच्छा. मी साताऱ्यात बरीच वर्षं छापखान्यात काढली आहेत, कागदापुरतं सांगतो.

स्वस्त वह्या बहुधा क्रीमवोव्ह कागदाच्या असतात. त्याला वरून स्टार्चचा हात दिलेला नसतो, म्हणून शाई पसरते. मॅपलिथोला तो दिलेला असतो, तिथे बरंच बरं काम होतं. त्याच्या वर बाँड आणि लेजर. लेजर पेपर मुळात दौत-टाकाने हिशोब लिहिण्यासाठी आणि चुकलेला आकडा खरवडून पुन्हा लिहिता यावा म्हणून बनवला जायचा, त्यामुळे तो घट्ट साइझ केलेला असतो. तुमच्या सांगलीत हळदीच्या नि गुळाच्या पेढ्या आहेत. पाडव्याला लाल कापडी बांधणीच्या खतावण्या जिथे मिळतात, त्या दुकानात एकदा विचारा. आता सगळ्याच खतावण्या लेजरच्या नसतात, पण मिळाली तर तुमचं काम झालं. आखणी मात्र जमा-खर्चाच्या रकान्यांची असते, कोरी मिळते का बघा.

कागद ओळखायची सोपी रीत: पाण्याचा एक थेंब कागदावर ठेवा आणि एक मिनिट थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर साइझिंग चांगलं. कागद ओला होऊन मागून गडद दिसला तर सोडून द्या. गिरणीतही साठ सेकंदांत कागद किती पाणी पितो ते मोजतात, त्याला कॉब टेस्ट म्हणतात. दोन्ही बाजू तपासा. कागद बनताना एक बाजू जाळीवर असते, दुसरी वर, आणि दोन्हींचं वागणं सारखं नसतं. पुष्कळदा वहीत उजवं पान छान आणि डावं पान वाईट, असं होतं त्याचं कारण हेच.

माझा सल्ला बांधून घेण्याचा. ९० किंवा १०० जीएसएमचा बाँड ए-थ्री आकारात घ्या. मधोमध दुमडला की ए-फोर होतो, एका तावाची चार पानं. हजार पानांना अडीचशे ताव. चार-चार दुमडलेले ताव एकात एक घालून जुजं (छोटे गठ्ठे) करा आणि ती घडीवर दोऱ्याने, म्हणजे जुजबंदीने, शिवून घ्या, वही सपाट उघडते. ए-फोरचे सुटे कागद बाजूने टाचून घेऊ नका. मध्ये लिहिताना हात अडकतो आणि पानाचा आतला बोटभर भाग वाया जातो.

ताव घेताना ग्रेन, म्हणजे कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते बघा. कागद दोन्ही दिशांनी दुमडून पाहा. ज्या दिशेला घडी सरळ, गुळगुळीत पडते ती ग्रेनची दिशा. ती वहीच्या पाठीला समांतर हवी. उलटी असली तर पावसाळ्यात पानं पाठीशी वाकतात आणि वही मिटत नाही.

रेघांचं: ऑफसेटवर छापलेल्या रेघेची शाई तेलकट असते. ती दाट पडली तर पेन रेघेवरून जाताना अडखळतं, अक्षर तुटतं. छापायच्याच असतील तर फिकट राखाडी, बारीक घ्या. किंवा छापूच नका. नऊ मिलिमीटरवर ठळक काळ्या रेघा मारलेला एक कागद खाली सरकवा, ९० जीएसएममधून तो पुरेसा दिसतो.

प्रतिसाद, मिरजेहून

शाईचं मी सांगते. पाण्याने न जाणारी म्हणजे एकतर पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची), उदाहरणार्थ प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलर किवागुरो, नाहीतर लोहयुक्त आयर्न गॉल, जसं डायमाइन रजिस्ट्रार्स किंवा प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक. आयर्न गॉल लिहिताना निळी दिसते आणि हवा लागून हळूहळू काळी पडते. मला ती जास्त आवडते, कारण ती बेताने वाहते, साध्या कागदावरसुद्धा कमी फुटते. पण पेन रोज चालतं राहायला हवं आणि अधूनमधून साध्या पाण्याने धुवायला हवं. शाई आत वाळली तर निबेखालची जीभ बंद पडते. स्टीलच्या जुन्या निबेला आयर्न गॉल दीर्घकाळ सोसत नाही, निबेवर सोन्याचा मुलामा आहे की निब सोन्याची आहे, ते बघून ठरवा.

हातकागदाचा मोह होईल. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला कागद बघत राहावा असा. पण खडबडीत पोताच्या कागदात बारीक निबेला तंतू अडकतात. मुखपृष्ठाला घ्या, आत नको.

सादळण्यावर: लिहून झालं की वही झाकण असलेल्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. हाताखाली एक कोरा कागद ठेवायचा, तळव्याचा घाम आणि तेल लागलं की त्या जागी शाई धरत नाही.

धागाकर्तीचं उत्तर

काका, ताई, दोघांचेही आभार. थेंबाची परीक्षा लगेच करून पाहिली. ऑनलाइन आलेल्या त्या १०० जीएसएमच्या वहीत थेंब मुरला आणि मागे गडद डाग आला. अप्पांच्या कपाटात एका जुन्या खतावणीची कोरी पानं निघाली, त्यांवर थेंब तसाच उभा राहिला. त्याच पानावर अप्पांनी 'ॐ नमो जी आद्या' लिहिलं. कडा स्वच्छ, मागे एक ठिपका नाही. त्यांचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं. पण तो कागद जुना, पिवळा पडलेला आणि घडीवर तुटणारा आहे, त्यावर काम होणार नाही. जुन्या काळी तुरटी-राळेने साइझिंग करायचे, त्यात आम्ल राहतं आणि कागद ठिसूळ होतो असं वाचलं. म्हणजे नवीन कागद घेताना 'ॲसिड-फ्री' विचारायला हवं, ही अट यादीत वाढवली.

अप्पांच्या पेनाची निब स्टीलची आहे, मुलामा झिजलेला. म्हणून ते पेन रोजच्या टिपणांना राहू दे, या लेखनासाठी नवीन मध्यम निबेचं पेन आणि पिगमेंट शाई घ्यायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. वही बांधूनच घेणार. रेघा छापायच्या नाहीत, खाली कागद सरकवायचा, हेही अप्पांना पसंत पडलं. लहानपणी कोऱ्या कागदावर ते असंच लिहायचे म्हणे.

आता दोनच गोष्टी राहिल्या. सांगली-मिरजेत, किंवा साताऱ्या-कराडपर्यंतसुद्धा, जुजबंदीने शिवून देणारे बाइंडर अजून काम करत असतील तर कुठल्या भागात ते कळवा. इथे ज्यांना विचारलं ते सगळे गोंद लावून चिकटवून देतो म्हणतात. आणि पाठीला समांतर ग्रेन येईल असा ए-थ्री बाँड सुटा मिळत नसेल, तर मोठा ताव घेऊन कापून घेताना कुठल्या मापाचा घ्यावा म्हणजे कमी वाया जाईल? काका, जमलं तर एवढं सांगाच. अडीचशे तावांचा कागद एकदाच, एकाच गठ्ठ्यातला घ्यायचा आहे, म्हणजे पहिल्या वहीपासून पाचवीपर्यंत रंग आणि पोत सारखा राहील.